सुमार समुद्राची थोरवी

उत्तर गोव्यात, पेडणे तालुक्यात, मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल असे किनारे ओळीनं लागतात. सर्फिंगच्या जगात यांची पत काय, असं विचाराल तर शून्य. हवाईतला किंवा ऑस्ट्रेलियातला मुरलेला सर्फर इथं आलाच, तर मासे खायला नाहीतर योगासनं करायला येतो, आणि येताना बोर्ड घरी ठेवून येतो. लाटांचा अंदाज देणारी ॲपं या किनाऱ्यांपुढं एखादा तारा टाकतात. जानेवारीत तोही काढून घेतात. 'लाट किरकोळ, दर्जा सुमार' एवढं वाचून माझा भाचा हळहळतो. मी ते वाचलं की टॉवेल शोधायला लागतो.

कारण माझं म्हणणं स्पष्ट आहे. लाटेवर उभं राहायला शिकायचं असेल, शिकणाऱ्याची चाळिशी उलटलेली असेल, आपल्याला कंबर आहे हे त्याला रोज सकाळी वेगळं आठवावं लागत नसेल आणि घरून निघताना 'फार आत जाऊ नका' अशी ताकीद मिळालेली असेल, तर गोव्याच्या या चार किनाऱ्यांना तोड नाही. चांगला समुद्र चांगल्या सर्फरांसाठी असतो. आपल्याला आपल्या लायकीचा हवा.

चांगला म्हणजे कसा, याचा नमुना २०२४च्या ऑलिंपिकमध्ये साऱ्या जगानं पाहिला. स्पर्धा पॅरिसची, पण सर्फिंग ठेवलं पंधरा हजार किलोमीटरवरच्या ताहिती बेटावर, तेआहूपोला. तिथली लाट खोल समुद्रातून तडक प्रवाळाच्या कड्यावर येते आणि छताचं सिमेंट सुटावं तशी कोसळते. खाली पाणी बेताचं, आणि पाण्याखाली अंग सोलून काढणारं प्रवाळ. ही म्हणे जगातली उत्तम लाट. त्याआधी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंगला पहिल्यांदाच जागा मिळाली, तेव्हा जपान्यांनी त्सुरिगासाकीचा वाळूचा किनारा निवडला होता. तेव्हा 'लाट पुरेशी येईल ना?' या काळजीनं जाणकारांची झोप उडाली होती. शेवटी ऐन स्पर्धेत एक वादळ जवळून गेलं आणि यजमानांची अब्रू राखली गेली. आश्व्याला असली काळजी कुणी करत नाही. आश्व्याला पडलात तर खाली वाळू, आणि त्या वाळूत तुमच्या आधी पडलेल्यांचे गॉगल.

तळाशी वाळू असणं ही शिकाऊ सर्फरच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सोय. खडकावर फुटणारी लाट वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच वळणानं फुटते. वाळूवरची लाट पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर फुटते, आणि त्या बांधाचा सातबारा कुणाच्या नावावर नसतो. पावसाळ्यातला समुद्र किनाऱ्यावरची वाळू ओढून आत नेतो, पाऊस सरला की हळूहळू परत आणून टाकतो; पण नेली तिथंच आणून टाकीन असं काही त्यानं लिहून दिलेलं नाही. त्यामुळं गेल्या वर्षीची 'झकास जागा' यंदा नुसता डोह असतो. ऑक्टोबरात सर्फिंग शिकवणारी पोरं छातीभर पाण्यात पायानं काहीतरी चाचपत हिंडताना दिसली, तर कुणाची अंगठी हरवली असं समजू नका. ती बांध शोधत असतात.

लाट फुटायचाही एक हिशेब आहे. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट झाली की लाटेचा तोल जातो आणि ती फुटते. म्हणजे गुडघ्याएवढी लाट मांडीएवढ्या पाण्यात फुटणार आणि तिथून पुढं पांढरा फेस होऊन किनाऱ्याकडं धावणार. शिकाऊंचं सगळं शिक्षण या फेसात होतं. तळ सावकाश उतरत गेलेला असेल तर हा फेस बराच वेळ, बराच लांबवर पळतो, आणि त्याच्यावर बोर्ड टाकून माणूसही. तळ एकदम खोल असेल तर लाट अगदी किनाऱ्याशी येऊन धाडकन आपटते आणि सोबत माणसालाही आपटते. मांद्र्याचा उतार हा असा निवांत आहे. पाण्यात चालत जा, चालत जा, आणि मागं वळून बघा: शहाळेवाला अजून तुम्हाला ओळखतो.

पण वाळूचा किनारा म्हणजे अगदीच गरीब गाय, असंही नाही. किनाऱ्यावर येणारं पाणी परत कुठून तरी जाणारच. ते दोन बांधांच्या मधल्या खोलगट चरातून जातं, आणि त्या चरात लाट फुटत नाही. दोन्हीकडं फेस, धबाबा, आणि मधे एक गुळगुळीत, शांत पट्टा. सहकुटुंब आलेला पर्यटक नेमका तो पट्टा हेरतो. 'इथं बघा, इथं पाणी शांत आहे, इथं मुलांना सोडू.' ही त्या किनाऱ्यावरची सगळ्यात वाईट जागा. तिथलं पाणी माणसाला उचलून सरळ आत घेऊन जातं. सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झगडायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाहेर पडायचं. लाल-पिवळे बावटे दिसतात त्यांच्या मधेच पाण्यात उतरायचं आणि नुसता लाल दिसला तर उतरायचंच नाही, इतकं जीवरक्षक सांगत असतात. त्यांच्या शिट्टीला आपले लोक 'आलो आलो' असं हातानं सांगून आणखी चार पावलं आत जातात, हा भाग वेगळा.

आता वारा. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले होते. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं, ते मतलई. दिवसा जमीन तापते म्हणून दुपारी समुद्राकडून जमिनीकडं, ते खारे. पेपरात चार मार्क मिळवून आपण हे ज्ञान अरबी समुद्रात बुडवलं. सर्फिंग सगळं त्या चार मार्कांवर चालतं. मतलई वारा सामोरा येऊन लाटेला जरा थोपवतो. लाट उभी राहते, पाण्याला इस्त्री केल्यासारखी तकाकी येते. दहा-अकराच्या सुमारास वारा पडतो, मग फिरतो, आणि वायव्येकडून खारा सुरू झाला की पाण्याची पार खिचडी होते. लाटा कुठूनही येतात, कशाही फुटतात. म्हणून शिकवणारे सकाळी साडेसहा-सातची वेळ देतात. सुट्टीवर आलेला माणूस 'साडेसहा?' असं विचारताना जो चेहरा करतो, तो पाहण्यासारखा असतो. 'अकराला जमणार नाही का? नाश्ता साडेदहापर्यंत फुकट आहे.' जमतं की. अकराला पैसे घेऊन खिचडीत सोडतात.

वाऱ्यापेक्षा नाजूक प्रकरण भरती-ओहोटीचं. पूर्ण ओहोटीला लाट उथळ पाण्यात एकदम मोडते, पूर्ण भरतीला फुटायचंच विसरते. मधली, चढत्या भरतीची वेळ सगळ्यात गोड. ती वेळ काढायला भाच्याकडं ॲप आहे, आलेख आहे, निळी रेघ आहे. आणि आम्ही उतरलो होतो तिथं ठाण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांच्याकडं कालनिर्णय होतं. मुक्काम तीन रात्रींचा, पण भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून बॅगेत. सकाळी चहाच्या टेबलावर त्यांनी ते उलगडलं आणि भाच्याला विचारलं,

"आज तिथी काय?"

"काका, ॲपवर भरतीचं कोष्टक आहे."

"ते असू दे. तिथी काय?"

"मला कसं माहीत असणार?"

"त्रयोदशी," त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "आता तेराची पाऊणकी म्हण."

भाच्याच्या पिढीला पाऊणकी म्हणजे काय हे सांगण्यात पहिला कप संपला. मग खुलासा झाला तो असा, की कोकण किनाऱ्यावर तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तेरा पाऊण पावणेदहा. म्हणजे पावणेदहाला पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, पहाटे साडेतीनला ओहोटी. मधली चढती वेळ साडेसहा ते आठ. अर्धा-पाऊण तास जागेप्रमाणं इकडंतिकडं. भाच्यानं ॲप बघितलं. ॲप म्हणत होतं, नऊ वाजून दहा मिनिटं.

"पस्तीस मिनिटं चुकलात काका."

"मी नाही चुकलो," ते कपबशी सरकवत म्हणाले. "तो लवकर येणार आहे."

हा हिशेब पुढं चालवून पाहिला तर एक गंमत हाती लागते. सकाळी मतलई वारा आणि चढती भरती एकाच वेळी हवी असेल, तर त्रयोदशी ते प्रतिपदा एवढेच दिवस बसतात. म्हणजे पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आगेमागे. अष्टमीला पाहिलं तर सकाळभर पाणी उतरतं आणि भरती येते संध्याकाळी सहाला, खाऱ्या वाऱ्याच्या स्वाधीन. ज्या अमावास्येला आमच्या घरात नवीन काम काढत नाहीत, लांबचा प्रवास करत नाहीत, केस कापायचंसुद्धा टाळतात, ती सर्फिंग शिकायला मुहूर्ताची. शिवाय त्या दिवशी सहलीला येणारे मराठी लोक कमी, त्यामुळं पाण्यात गर्दी नाही. मुंबईला उधाणाची भरती-ओहोटी पाच मीटरपर्यंत वरखाली होते. गोव्यात ती दोन-सव्वादोन मीटरच्या पलीकडं फारशी जात नाही. म्हणजे उधाणसुद्धा इथं सौम्य. सुमारपणात सातत्य असावं तर असं.

या लाटा येतात कुठून, हा प्रश्न मला पाण्यात बोर्डावर पालथा पडून वाट पाहताना पडतो. दुसरं काही करण्यासारखं नसतं. जवळच्या वाऱ्यानं उठलेली लाट चार-पाच सेकंदांनी एक अशी येते आणि तिच्यात जीव नसतो. हिवाळ्यात अरबस्तानावरून शमाल वारे सुटतात. त्यांच्या लाटा वायव्येकडून पार आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचतात, हे दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. आणि एप्रिल-मेमध्ये कधी कधी येते ती खरी पाहुणी: दक्षिण महासागरातल्या वादळात जन्मलेली, पंधरा-सोळा सेकंदांनी एक येणारी, लांबलचक. ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास वेग, सहा-सात हजार किलोमीटरचा प्रवास. हिशेब केला तर सहाएक दिवस होतात. विषुववृत्त ओलांडून, मधे कुठंही न थांबता, कुणाला धक्का न लावता ती हरमलला येते, आणि शेवटी फुटते कुणावर, तर 'आई गं, डोळ्यात गेलं' म्हणणाऱ्या माझ्यावर. इतक्या लांबून आलेल्याचं स्वागत याहून बरं व्हायला हवं, असं दर वेळी वाटतं.

लाटांचा अंदाज बांधायची विद्या तर युद्धात घडली. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर फौजा उतरवायच्या तर त्या दिवशी लाट केवढी असेल हे आधी कळायला हवं, म्हणून हाराल्ड स्वेरड्रुप आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली. १९४४च्या नॉर्मंडीच्या चढाईला ती कामी आली. पुढं १९६३मध्ये मंक यांनी दक्षिण गोलार्धातल्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत काढला. तीच विद्या आज माझा भाचा पोहे खाता खाता अंगठ्यानं वर सरकवतो आणि म्हणतो, "शून्य पूर्णांक सहा, नऊ सेकंद. काही दम नाही." आपल्याकडं समुद्राचा सरकारी अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देणारी संस्था इन्कॉइस. ती आहे हैदराबादला. जवळातला जवळ समुद्र गाठायचा तर तिथून अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. समुद्राबद्दल शांत डोक्यानं बोलायचं तर एवढं अंतर हवंच.

मीटरचे आकडे ॲपवर शोभतात. पाण्यातली माणसं लाट शरीरावर मोजतात: घोट्याएवढी, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, छातीएवढी, डोक्यावरून. पद्धत सुटसुटीत आहे, फक्त गुडघा कुणाचा हे कुणी विचारत नाही. हवाईतले जुने सर्फर लाट मागच्या बाजूनं मोजतात. त्यांची चार फुटांची लाट समोरून पाहणाऱ्याला आठ फुटांची असते. आमच्यात हा विनय नाही. माझ्या समोर कमरेएवढ्या लाटेवरून घसरलेला एक तरुण संध्याकाळी फोनवर 'अरे, डोक्यावरून गेली' असं सांगत होता. खोटं नव्हतं ते. लाट आली तेव्हा त्याचं डोकं तिच्या खालीच होतं. फोटो काढणारेही यात सामील असतात. फोटोवाला पाण्यात उकिडवा बसतो, कॅमेरा पाण्याला टेकवतो, आणि गुडघाभर फेसाचा असा डोंगर होतो की इचलकरंजीला फोटो पोचल्यावर आजी देवापुढं दिवा लावतात.

पाण्याआधी वाळू. पहिला तास वाळूवरच जातो आणि माझ्या मते सगळ्यात करमणुकीचा तास तोच. शिकवणारा पोरगा बोटानं वाळूत बोर्डाचा आकार काढतो आणि आपण त्यावर पालथं पडायचं. हातानं वाळू उपसत पोहल्यासारखं करायचं, मग तळवे छातीशी टेकून एका झटक्यात उभं राहायचं: एक पाय पुढं, एक मागं, गुडघे वाकलेले. पुढं डावा पाय की उजवा, हे ठरवायला पोरगा तुम्हाला सरळ उभं करतो आणि बेसावध असताना मागून हलकेच ढकलतो. तोल सावरायला जो पाय पुढं जाईल तो तुमचा. आमच्या तुकडीतल्या एका गृहस्थांचा कुठलाच पाय पुढं गेला नाही. ते जागच्या जागी वळले आणि म्हणाले, "धक्का का मारता?"

तुकडीत कोल्हापूरकडच्या नणंद-भावजय होत्या. दोघींचे पूर्ण बाह्यांचे कपडे, वर सर्फिंगच्या शाळेनं दिलेले निळे अंगरखे, नाकावर पांढऱ्या मलमाचा थर. नणंद उठताना आधी गुडघा टेकायची, मग हात, मग 'देवा' म्हणून वर यायची.

"वन्सं, गुडघा टेकू नका. ते पोरगं वरडतंय."

"टेकल्याबिगर उठायला येतंय व्हय? तू बघ की तुझं."

पोरगं कारवारकडचं, उन्हानं रापलेलं, केस तांबूस झालेले. त्याला मराठी कळत होतं, पण शिकवायची भाषा हिंदी. "आंटी, नीचे मत देखो. नीचे देखोगे तो नीचे ही जाओगे." या एका वाक्यात सगळं सर्फिंग आलं. माणूस जिकडं बघतो तिकडं बोर्ड वळतो, आणि भ्यालेला माणूस नेहमी पायांकडं बघतो.

शिकाऊंचा बोर्ड नऊ फुटी, मऊ फोमचा. इथं प्रतिष्ठा उलटी चालते: जेवढा नवखा, तेवढा मोठा बोर्ड. मोठा बोर्ड तरंगतो चांगला, हलतो कमी, डोक्यावर आपटला तरी कवटी शाबूत राहते. फक्त तो वाळूवरून पाण्यापर्यंत न्यायचा असतो, आणि वारा असला तर तो तुम्हाला नेतो. पाण्यात एक नियम फार कडक आहे: बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मधे कधी आडवा धरायचा नाही. हा नियम सगळे ऐकतात, माना डोलवतात, आणि पहिली लाट येताच बोर्ड पोटापुढं आडवा धरून तिला सामोरे जातात. पुढचं लाट समजावून सांगते.

आणि मग ते घडतं. पोरगा मागं उभा, तुमच्या बोर्डाचं शेपूट धरून. मान वळवून येणाऱ्या लाटा बघत. एक सोडली, दुसरी सोडली. "ये वाली. पॅडल, पॅडल!" मागून फेसाचा आवाज वाढतो, बोर्ड एकदम हलका होतो आणि आपोआप पळायला लागतो. इथं उठायचं. भावजय उठली. नजर समोर, गुडघे वाकलेले, दोन्ही हात पसरलेले, आणि चेहऱ्यावर काहीही नाही: ना हसू, ना भीती, नुसतं लक्ष. पाच-सहा सेकंद असतील. बोर्ड वाळूला लागला तेव्हा ती शांतपणे खाली उतरली आणि मग एवढ्या मोठ्यानं ओरडली की खाटांवर झोपलेले रशियन उठून बसले. तोवर इकडं नणंदेनं गुडघ्यावरच अख्खी लाट पार केली होती आणि ती वैतागून सांगत होती, "मी बी उभीच होते. निम्मी." गोव्यातली लाट ही अशी निम्मं उभं राहू देते. तेआहूपोला निम्म्याची सोय नाही.

किनाऱ्यावर रापण ओढणारे लोक हे सगळं वर्षानुवर्षं बघत आले आहेत. रापणीचं जाळं पाण्यात असलं की बोर्डवाल्यांनी बाजूला सरकायचं, हा साधा शिरस्ता. तिथं पोट आहे, इथं हौस आहे. दोरखंडाच्या वळ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या रापणकाराला मी विचारलं, आज लाट कशी वाटते? त्यानं समुद्राकडं न बघताच सांगितलं, "आज पाणी बरा आसा. वारो येतलो अकराक." ॲप उघडून पाहिलं. वाऱ्याचा बाण अकरालाच वळत होता. मग त्यानं पाण्यातल्या आमच्या मंडळींकडं बोट केलं आणि विचारलं, "ही माणसां पडतत कित्याक? पैशे देवन?" याला उत्तर नव्हतं.

जून लागला की हा सगळा खेळ आवरतो. नैर्ऋत्य मोसमी वारे थेट किनाऱ्यावर येतात, लाटा एकीवर एक चढून गढूळ भिंतीनं फुटतात, किनाऱ्याकिनाऱ्यावर लाल बावटे लागतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. ज्या समुद्राला कोळी नारळी पौर्णिमेला नारळ देऊन 'आता जरा दमानं घे' म्हणतो, त्याच्यात जुलैत फोमची फळी घेऊन उतरणाऱ्याला धाडसी म्हणण्याची पद्धत आहे. मी दुसरा शब्द वापरतो. मजा अशी, की हंगामभर एका ताऱ्यावर रडणारी ॲपं नेमकी पावसाळ्यात उंचच उंच आकडे दाखवायला लागतात.

तेव्हा जायचं असेल तर ऑक्टोबर सरता सरता जा, नाहीतर फेब्रुवारी-मार्चमध्ये. पोहता येत असेल तरच आत जा, आणि शिकवणाऱ्याबरोबरच जा. अमावास्येच्या आगेमागे चार दिवस धरा, सकाळी सातला पाण्यात असा, नाश्ता नंतर करा. लाट गुडघ्याएवढी असावी, फार तर कमरेएवढी, आणि गुडघा स्वतःचा धरावा. ॲपवर एक तारा दिसला तर बिनघोर निघा. चार-पाच तारे दिसले तर त्या दिवशी मंगेशीला जाऊन या. देऊळ छान आहे.